‘पास्ट’ला ‘पास’ वाचणारं मूल नेमकं कुठे चुकतं?

अमेरिकेत शाळेत बोलीतल्या इंग्रजीचं काय करायचं, हा वाद अधूनमधून उकरून निघतो आणि दर वेळी त्याच दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, मुलांची भाषा ही त्यांची ओळख आहे, तिच्या वाट्याला जाऊ नका. दुसरी विचारते, नोकरीच्या मुलाखतीत ही भाषा चालणार आहे का? दोघांनाही ‘बरं, मग उद्या तिसरीच्या वर्गात बाईंनी काय करायचं?’ असं विचारलं की चर्चा थंडावते. म्हणून इथे वर्गापासूनच सुरुवात करू. विषय आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीचा, म्हणजे १९७३ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांनी जिला ‘एबॉनिक्स’ असं नाव दिलं तिचा.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम करताना मुलांना एक वाक्य वाचायला दिलं होतं: ‘व्हेन आय पास्ट बाय, आय रेड द पोस्टर्स.’ इथलं ‘पास्ट’ म्हणजे ‘passed’, शेवटी ‘ईडी’ असलेलं. वाक्यातली मेख ‘रेड’मध्ये आहे. ‘वाचतो’ आणि ‘वाचलं’ या दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग एकच. वर्तमानकाळात उच्चार ‘रीड’, भूतकाळात ‘रेड’. मूल ‘पास्ट’ला ‘पास’ म्हणतं, शेवटचा ‘ट’ गिळतं. त्याला तिथेच न टोकता पुढे वाचू द्यायचं आणि कान ‘रीड’ की ‘रेड’ यावर ठेवायचे. ‘रेड’ म्हणालं, तर शब्दाच्या शेवटचं ‘ईडी’ त्याने पाहिलं, त्याचा अर्थ भूतकाळ असा लावला, फक्त उच्चारलं नाही. वाचनाच्या बाबतीत या मुलाला काहीही शिकवायचं शिल्लक नाही. ‘रीड’ म्हणालं, तर मात्र ‘ईडी’ ही भूतकाळाची खूण आहे हेच त्याला उमगलेलं नाही, आणि ते मुद्दाम शिकवावं लागेल. ‘पास’वरच थांबवून ‘पास्ट म्हण, पास्ट!’ करणाऱ्या बाईंना यातलं कुठलं मूल समोर बसलंय हे कधीच कळत नाही.

तो ‘ट’ मुलं कशीही गिळत नाहीत. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं असतील आणि दोन्ही घोष (उच्चारताना कंठ थरथरतो अशी) किंवा दोन्ही अघोष (थरथरत नाही अशी) असतील, तर दुसरं गळतं: ‘टेस्ट’चं ‘टेस’, ‘डेस्क’चं ‘डेस’, ‘हँड’चं ‘हॅन’. पण ‘जंप’चं ‘जम’ होत नाही, कारण ‘म’ घोष आणि ‘प’ अघोष. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर गळती वाढते, आणि तशी ती प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्यांचीही होते. ‘वेस्ट साइड’ भरभर म्हणून बघा. बोलीत ती जास्त ठिकाणी आणि जास्त वेळा होते, एवढाच फरक.

‘इज’ गाळण्याचंही तसंच. प्रमाण इंग्रजीत जिथे ‘ही इज टायर्ड’चं ‘हीज टायर्ड’ होऊ शकतं, तिथेच बोलीत ‘ही टायर्ड’ चालतं. ‘आय नो हाऊ टॉल ही इज’ या वाक्याच्या शेवटी प्रमाण भाषेत ‘हीज’ असं आकुंचन चालत नाही, तर बोलीतही तिथला ‘इज’ कोणी गाळत नाही. ‘आय अ‍ॅम’मधला ‘अ‍ॅम’ही सहसा पूर्णपणे गळत नाही.

सगळ्यात गैरसमज होतो तो ‘बी’बद्दल. संशोधक जॅनिस जॅक्सन यांनी लहान मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या पात्रांचं चित्र दाखवलं: कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे आणि एल्मो कुकी खातोय. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ असं विचारल्यावर सगळ्यांनी एल्मोकडे बोट दाखवलं. ‘हू बी ईटिंग कुकीज?’ म्हटल्यावर बोली बोलणारी मुलं कुकी मॉन्स्टर म्हणाली. बाकीच्यांचा एल्मो कायम राहिला. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘खातोय’ आणि ‘खात असतो’ हा फरक आपण दिवसभर करतो. या बोलीत तोच फरक ‘बी’ दाखवतो. तरी वर्षानुवर्षं हा ‘बी’ म्हणजे ‘इज’ न येणाऱ्यांची चूक, असंच धरलं गेलं.

लबॉव्ह यांचाच आणखी एक प्रयोग. ‘आय आस्क्ड अ‍ॅल्विन इफ ही नोज हाऊ टू प्ले बास्केटबॉल’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणायला सांगितलं, तर मुलं म्हणत, ‘आय अ‍ॅक्स अ‍ॅल्विन डू ही नो हाऊ टू प्ले बास्केटबॉल.’ परीक्षेच्या तक्त्यात ही चूक. पण ‘इफ’ काढून तिथे ‘डू ही नो’ अशी प्रश्नाची रचना बसवायची तर आधी अख्ख्या वाक्याचा अर्थ कळायला हवा. नुसता आवाज ऐकून हा बदल करता येत नाही.

असल्या ‘चुका’ मोजून मुलांना मंद ठरवलं की काय होतं, ते मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात दिसलं. ग्रीन रोड या वस्तीतली गरीब काळी मुलं मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर प्राथमिक शाळेत जात होती. त्यांना वाचता येत नाही म्हणून ‘लर्निंग डिसेबल्ड’ (अध्ययन-अक्षम) असे शिक्के बसत होते. पालक कोर्टात गेले. १९७४च्या समान शैक्षणिक संधी कायद्यात, भाषेचे अडथळे दूर करण्यासाठी योग्य पावलं न उचलणं हाही भेदभाव मानला आहे. त्या कलमावर न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी १९७९ साली मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदेश अगदी मोजका होता: शिक्षकांना ही बोली ओळखायला शिकवा, आणि ते ज्ञान प्रमाण इंग्रजीतलं वाचन शिकवताना वापरा. मुलांना बोली शिकवा असं त्यात कुठेही नव्हतं.

ऑकलंडमध्ये नेमकी इथेच माती खाल्ली. कॅलिफोर्नियातल्या या शहराच्या शाळांमध्ये तेव्हा ५३ टक्के मुलं आफ्रिकन-अमेरिकन होती, पण विशेष शिक्षणाच्या वर्गांमध्ये त्यांचं प्रमाण ७१ टक्के, आणि त्यांची गुणांची सरासरी ४ पैकी १.८०. दुखणं खरं होतं. १८ डिसेंबर १९९६ रोजी तिथल्या शाळा मंडळाने ठराव केला, पण त्याची भाषा अशी की वाचणाऱ्याला वाटावं, आता शाळेत एबॉनिक्स शिकवणार. त्यातच ती भाषा ‘जेनेटिकली बेस्ड’, म्हणजे जणू रक्तातूनच आलेली, असल्याचं लिहिलेलं. मग काय, देशभर थट्टा सुरू झाली. नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी आधी कडाडून विरोध केला आणि लवकरच मत बदललं. केंद्रीय शिक्षणमंत्री रिचर्ड रायली यांनी द्विभाषिक शिक्षणाचा निधी यासाठी मिळणार नाही असं स्पष्ट केलं. १५ जानेवारी १९९७ला ठराव दुरुस्त झाला आणि उद्देश प्रमाण इंग्रजी शिकवण्याचाच आहे हे नीट लिहिलं गेलं, पण तोवर उशीर झाला होता. अमेरिकन भाषाशास्त्र संस्थेने त्याच महिन्यात ही बोली नियमबद्ध आहे असा ठराव केला. तो वर्तमानपत्रांतल्या विनोदांइतका कोणी वाचला नाही.

आता उपयोग होतो का, हा प्रश्न. गॅरी सिम्पकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली ‘ब्रिज’ नावाची वाचनमाला काढली: आधी बोलीतली गोष्ट, मग मधल्या भाषेतली, मग प्रमाण इंग्रजीतली. सातवी ते बारावीच्या ५४० मुलांवर चार महिने प्रयोग झाला. ‘ब्रिज’ वापरणारी मुलं वाचनात सरासरी ६.२ महिने पुढे गेली. मागे पडलेल्यांसाठीच्या नेहमीच्या रिमेडिअल वर्गातली १.६ महिने. आकडा देखणा आहे, पण त्या पुस्तकांत गोष्टीही मुलांच्या ओळखीच्या जगातल्या होत्या आणि सोबत ध्वनिफिती होत्या, त्यामुळे सगळं श्रेय बोलीला देता येत नाही. छापील पुस्तकात ही भाषा पाहून लोक भडकले आणि प्रकाशकाने माला गुंडाळली.

त्यापेक्षा मला हॅनी टेलर यांचा प्रयोग उजवा वाटतो, कारण त्यात पुस्तकं बदलली नाहीत, शिकवण्याची रीत बदलली. शिकागोजवळच्या अरोरा विद्यापीठातले विद्यार्थी, दोन गट, ११ आठवडे. एका गटाला नेहमीसारखं लेखन शिकवलं. दुसऱ्याला बोली आणि प्रमाण इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवला. दुसऱ्या गटाच्या लेखनातली बोलीची रूपं ५९ टक्क्यांनी घटली. पहिल्या गटात ती साडेआठ टक्क्यांनी वाढली. गट छोटे होते, तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे. म्हणजे ज्यांना बोली शाळेच्या लेखनातून जायला हवी आहे, त्यांनीसुद्धा ती फळ्यावर लिहायला हरकत नसावी!

ही तुलनात्मक रीत व्हर्जिनियात रिबेका व्हीलर आणि रेचल स्वोर्ड्स यांनी प्राथमिक वर्गांसाठी बसवली. साधारण अशी करतात. मुलांच्या आठवडाभराच्या वह्या चाळायच्या आणि अनेकांच्या लेखनात येणारं एकच रूप निवडायचं. सुरुवातीला षष्ठी बरी: ‘माय डॉग नेम’, ‘माय सिस्टर बाइक’. मुलांच्याच वह्यांतली चार-पाच वाक्यं तक्त्याच्या डाव्या बाजूला, घरची इंग्रजी म्हणून. ती लिहिताना स्पेलिंगच्या बाकीच्या चुका दुरुस्त करून घ्यायच्या, नाहीतर मुलांचं लक्ष तिकडेच जातं. उजव्या बाजूला तीच वाक्यं शाळेच्या इंग्रजीत. डावीकडे फुली नाही, लाल शाई नाही. मग विचारायचं, काय बदललं? नियम मुलांनी सांगायचा, दोन्ही बाजूंचा: डावीकडे मालक आणि वस्तू नुसते शेजारी उभे, उजवीकडे मालकाला वरचा स्वल्पविराम आणि ‘एस’. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःच्या जुन्या लेखनात फक्त हेच रूप शोधायचं. तक्ता भिंतीवर राहतो, आणि पुढच्या लेखनावर शेवटचा हात फिरवताना त्या एका गोष्टीसाठी वेगळी नजर फिरवायची.

षष्ठीनंतर अनेकवचन, मग भूतकाळ, मग तृतीयपुरुषी ‘एस’ (‘ही वॉक्स’मधला). नेहमीपणाचा ‘बी’ सगळ्यात शेवटी, कारण तिथे एकास एक जोडी नाही. ‘ही बी लेट’चं ‘ही इज लेट’ केलं की अर्थ बदलतो. ‘ही इज युजुअली लेट’ असं वेगळा शब्द घालून सांगावं लागतं. शिक्षकालाच हे ठाऊक नसेल तर तो चुकीचं भाषांतर शिकवून मोकळा होतो.

आणखी कुठे बिघडतं? तृतीयपुरुषी ‘एस’ घाईने शिकवला की ‘आय वॉक्स’, ‘दे वॉक्स’ सुरू होतं. मुलाने नियम न शिकता ‘एस लावला की बाई खूश’ एवढंच उचललेलं असतं. एकाच वेळी सगळी रूपं अधोरेखित केली तर पान रंगतं आणि मूल लिहिणंच कमी करतं. भाषांतर फक्त डावीकडून उजवीकडे करून घेणं हीही चूक. उलटं करून घेतलं की नियम कळला की पाठ झाला, ते लगेच दिसतं. आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाने स्वतः बोली बोलायचा आव आणू नये, ते मुलांना चिडवल्यासारखं वाटतं.

पहिलीच्या उच्चार-शिक्षणात वेगळीच गंमत असते. ‘कोल्ड’च्या शेवटी कुठलं अक्षर ऐकू येतं, असं विचारलं तर ज्याच्या तोंडी तो ‘कोल’ आहे ते मूल प्रामाणिकपणे ‘एल’ सांगेल. ‘पिन’ आणि ‘पेन’ या बोलीत बहुधा एकसारखे उच्चारले जातात, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या मुलांच्या बोलण्यातही. म्हणून ऱ्हस्व ‘ए’साठी ‘पेन’चं चित्र लावू नये, ‘बेड’चं लावावं. तक्त्यातलं एक चित्र बदलायला खर्च काही नाही.

सगळ्यात महागात पडतं ते वाचता वाचता टोकणं. अ‍ॅन पिस्ट्रप यांनी १९७३ साली ऑकलंडच्याच पहिलीच्या वर्गांमध्ये पाहिलं, की उच्चारासाठी सारखं थांबवणाऱ्या शिक्षकांची मुलं वाचनात मागे पडत, आणि त्यांची बोली काही कमी होत नसे. ‘पाणी’ला ‘पानी’ वाचणाऱ्या मुलाला आपल्याकडे ओळीत चार वेळा अडवलं की गोष्टीत पुढे काय झालं हे त्याला सांगता येत नाही, तसलाच प्रकार.

या तुलनात्मक रीतीवर टीका आहे, आणि ती परंपरावाद्यांकडूनच नाही. व्हर्शॉन यंग, एप्रिल बेकर-बेल यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, घरची भाषा घरी आणि शाळेची शाळेत अशी वाटणी करणं म्हणजे गोऱ्यांची भाषा वरची हे मुलांना शिकवणंच. तक्त्याच्या उजव्या बाजूला ‘बरोबर’चा मान आपोआप मिळतो, हे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. लिसा डेल्पिट यांनी त्याआधीच, १९८८ साली, दुसरं टोक दाखवलं होतं: सत्तेच्या भाषेचे नियम उघडपणे शिकवले नाहीत, तर ते ज्यांच्या घरी आधीच आहेत त्यांचंच फावतं. माझा कौल डेल्पिटकडे झुकतो. तिसरीतल्या मुलाची यंदाची परीक्षा समाज बदलेपर्यंत थांबत नाही. पण तक्त्याच्या डाव्या बाजूचे नियमही तितक्याच गंभीरपणे मांडले नाहीत, तर तो तक्ता नुसता सभ्य भाषेतला लाल पेन होतो.

निदानाच्या चाचण्यांमध्ये मात्र काम बरंच पुढे गेलं आहे. सीमोर, रोपर आणि डी व्हिलियर्स यांची ‘डेल्व्ह’ चाचणी आधी मूल बोली बोलतं का ते पाहते, आणि भाषेचा खरा दोष शोधायला अशी रूपं वापरते जी बोली आणि प्रमाण इंग्रजीत सारखीच आहेत. शाळाशाळांत वापरल्या जाणाऱ्या ‘डिबल्स’ वाचनचाचणीच्या सूचनांमध्येही बोलीमुळे वेगळा झालेला उच्चार चूक धरू नये असं लिहिलेलं आहे. पण कुठला उच्चार बोलीचा आणि कुठला खरोखर चुकलेला, हे त्या मिनिटभराच्या वाचनात हातात पेन्सिल धरलेल्या शिक्षकालाच ठरवावं लागतं. ‘टेस्ट’ला ‘टेस’ वाचलं तर खूण करायची नाही, ‘टेन्ट’ वाचलं तर करायची.