शेपटीकडे बघू नकोस

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला शिकारीचं लायसन्स हवं असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. ते साल वाचून हसू आलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला तोही १९७२ चाच. त्यामुळे शिकार म्हटलं की मला आठवतात त्या फक्त आजोबांच्या गोष्टी, त्याही निम्म्या थापा.

कोर्स ऑनलाइन उरकला. लायसन्स, हॅबिटॅट फी, भगवं जॅकेट, सगळं झालं. खरी अडचण धनुष्याची. फेझंट, म्हणजे कोंबड्यासारखा लांब शेपटीचा रानपक्षी, मारायला इथे लोक छऱ्याची बंदूक नेतात. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी मात्र लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, घेऊन जातो. ना कप्पी, ना नेम धरायची साइट. मलाही त्यानेच नादी लावलं.

उडत्या पक्ष्यासाठी बाण वेगळा असतो, फ्लू-फ्लू. मागचा पिसारा एवढा झुबकेदार की सुटताना जोरात जातो आणि तीस-चाळीस पावलांनंतर हवेतच दमतो. म्हणून सापडतो तरी. पुढे ज्युडो टोक, त्याच्या स्प्रिंगा गवतात अडकतात, नाहीतर बाण गवताखाली सरकून कायमचा गेला. सप्टेंबरभर म्हातारा फोमच्या चकत्या हवेत फेकायचा आणि मी चुकायचो. दोरी ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागणारं धनुष्य. रात्री चहाचा कप उचलताना खांदा बोलायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हंगाम उघडला. सकाळी ८ ते दुपारी ४:३०, दिवसाला तीन नर, मादीला हात लावायचा नाही. पहिले तीन शनिवार रिकाम्या हाताने परतलो. फेझंट पायाखालून फडफडाट करत, ओरडत उठतो तेव्हा छातीत धस्स होतं. हात आपोआप दोरी ओढतो आणि बाण जातो पक्ष्याच्या मागून. दर वेळी मागूनच. म्हातारा म्हणाला, "तू शेपटीकडे बघतोस. अर्धा पक्षी तर नुसती शेपटीच आहे. गळ्यातला पांढरा पट्टा बघ."

हा पक्षीही इथला नव्हे, चीनकडचा. १९०० च्या सुमारास सीडर फॉल्समध्ये कुणीतरी पाळले होते, वादळात कुंपण पडलं आणि दोनेक हजार उधळले, असं सांगतात. विमानाने आलेल्या मला हे ऐकून बरं वाटलं.

चौथ्या शनिवारी दलदलीच्या कडेला रामबाण नावाच्या पाणगवताच्या दाट बेटापाशी आमच्यासोबतची शिकारी कुत्री एकदम थिजली. एक पाय वर, नाक पुढे. मी दोन पावलं टाकली आणि नर उठला. या वेळी पट्टा दिसला, फक्त पट्टा. बाण कधी सुटला कळलंच नाही. पंखाच्या मुळाशी लागला, पक्षी गवतात कोसळला. कुत्रीने आणून दिला तेव्हा जिवंत होता, डोळा उघडा. मान मुरगळायला माझे हात पुढे झाले नाहीत; ते म्हाताऱ्याने केलं. पुढच्या वेळी ते काम मलाच करावं लागेल, असं त्याने तिथेच बजावलं.

घरी पिसं काढायला दीड तास लागला. मांसाला चरबी जवळपास नाहीच, नुसतं भाजलं तर चिवट होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मंद आचेवर शिजवलं, कोल्हापूरच्या चटणीसकट. पक्ष्याचा फोटो आईला पाठवला होता. लगेच फोन आला: "मेल्या, मोर मारलास की काय?"