मुंबई ते ऑकलंड: व्हाया कुठे?

मुंबईहून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला थेट विमान नाही. सरळ रेषेत अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. गंमत म्हणजे सिंगापूर जवळजवळ या रेषेवरच येतं: मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० आणि पुढे ऑकलंड ८,४००. वळसा जेमतेम तीसेक किलोमीटरचा! याउलट दुबईमार्गे गेलात तर आधी १,९०० किलोमीटर उलट्या दिशेला आणि मग १४,२०० किलोमीटरची एकच मोठी उडी. तिकीट कधी स्वस्त मिळतं, पण पंधरा-सोळा तास सलग बसायची कंबरेची तयारी हवी. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मी सिंगापूरच म्हणेन.

आम्ही रात्री मुंबई सोडली. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, पुढे जवळपास दहा. येताना मात्र ऑकलंड-सिंगापूर टप्पा तासभर लांबतो, कारण पश्चिमेकडून येणारं वारं तोंडावर असतं. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. न्यूझीलंड आपल्या साडेसहा तास पुढे, तिथल्या उन्हाळ्यात (सप्टेंबरअखेर ते एप्रिलची सुरुवात) साडेसात. घरच्यांना पोचल्याचा फोन करण्याआधी इकडे किती वाजलेत ते बघा.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तीन-चार तासांचा थांबा उत्तम. तिथल्या ज्युएल या इमारतीतला प्रसिद्ध धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे व्हिसाची सोय नसेल तर त्याचा नाद सोडा. तिसऱ्या टर्मिनलमधली फुलपाखरांची बाग आतच आहे आणि फुकट आहे. पहिल्या तीन टर्मिनलांत सामानाची तपासणी गेटपाशी होते. पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, म्हणून आधीच भरून ठेवण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा ऑकलंडला. प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं असतं, ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, अगदी विमानात दिलेलं सफरचंदसुद्धा. लपवलं तर जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मसाले, चिवडा कंपनीच्या सीलबंद पाकिटात न्या आणि एकाच पिशवीत वर ठेवा, म्हणजे दाखवताना बॅग उपसावी लागत नाही. मध, ताजा कढीपत्ता, पेढे-बर्फी घरीच ठेवा. (लेकीसाठी पेढे नेणाऱ्या आयांना हे पटवणं सर्वांत कठीण.) ट्रेकचे बूट असतील तर तळव्याची माती घासून धुवा, तेही तपासतात.

पुढे क्वीन्सटाउन वगैरे गाठायचं असेल तर देशांतर्गत टर्मिनल वेगळं आहे. जमिनीवरच्या हिरव्या रेषेवरून दहा मिनिटांत चालत पोचता, मोफत बसही आहे. शहरात जायला टॅक्सी महाग पडते. नारिंगी एअरपोर्टलिंक बसने पुहिनुई स्टेशन आणि तिथून लोकल, हा मार्ग आम्हाला बरा वाटला. अर्थात मध्यरात्री उतरणार असाल तर आधी वेळापत्रक बघा.