बुक्क्याच्या उंचीवरून

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मला आता कॅमेऱ्यामुळे नव्हे, तर बुक्क्यामुळे ओळखतात. बुक्का म्हणजे आमचा साडेसहा किलो वजनाचा, नाकापासून शेपटीपर्यंत काळाभोर कुत्रा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो आमच्या जिन्याखाली आसऱ्याला आला आणि आईने त्याला पाहताच ‘हा तर विठोबाचा बुक्का’ असे म्हटल्यामुळे नाव शोधायची वेळच आली नाही.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणे सोपे नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून प्रकाश मोजते. त्यामुळे चौकटीत बुक्का मोठा आला की ते अंधार पडला असे समजून जास्त प्रकाश आत घेते, आणि आमचा कोळशासारखा कुत्रा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो. एक्स्पोजर एक स्टॉपने उणे केले, म्हणजे आत येणारा प्रकाश निम्मा केला, की त्याचा काळा रंग परत येतो, पण मग डोळे त्या काळ्यात बुडून जातात. यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की त्याचे तोंड उजेडाकडे होईपर्यंत थांबायचे आणि दोन्ही डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका उतरला की बटण दाबायचे. मात्र तो ठिपका टिपायला मी गुडघे टेकले, की याला वाटते खेळ सुरू झाला. माझ्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला दीड फुटाच्या अलीकडचे स्पष्ट दिसत नाही आणि बुक्क्याला दीड फुटाच्या पलीकडे थांबणे मान्य नाही. ओल्या नाकाचे धूसर फोटो माझ्याकडे शेकड्याने आहेत.

तरीही या गुडघे टेकण्याने माझा फायदाच झाला. त्याआधीची काही वर्षे मी रंकाळ्याचे फोटो कठड्याशी उभा राहून, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढत होतो. शालिनी पॅलेस, संध्यामठ, मावळतीचा सूर्य, म्हणजे शहरातल्या निम्म्या मोबाईलमध्ये असतात तेच फोटो. उन्हाळ्यात पाणी उतरून संध्यामठ उघडा पडला, तेव्हा बुक्का काठावरच्या भेगाळलेल्या चिखलात काहीतरी हुंगत बसला आणि त्याच्यामागे मलाही पोटावर पडावे लागले. तिथून पाहिले तर चिखलाची वाळलेली पापुद्री कडेने वर वळलेली, तिच्यावर बगळ्याच्या पावलांचे ठसे, आणि त्या सगळ्याच्या वर मठाचे दगडी खांब डोंगरासारखे उभे. गेल्या वर्षातला मला पटलेला फोटो तोच. त्यात बुक्का नाही. कोपऱ्यात त्याच्या दोरीचा लाल तुकडा तेवढा आला आहे.

पंचगंगा घाटावरचा प्रसंग इतका सुखाचा नाही. थंडीत पाण्यावर धुके असताना तिथली छोटी देवळे आणि दीपमाळा फार सुंदर दिसतात, म्हणून मी ट्रायपॉड लावला आणि दोरी त्याच्याच पायाला अडकवली. खालच्या पायरीवर एक मांजर दिसले. पुढचे सांगण्यात अर्थ नाही. लेन्सवरचे फिल्टर फुटले, लेन्स वाचली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून दोरी कमरेला बांधतो.

परतीची वाट ‘खरी कॉर्नर’ या चौकावरून असली, की कॅमेरा स्तंभापाशी माझा वेग आपोआप मंदावतो. हा स्तंभ ज्यांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभा आहे, त्या चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी 1918 साली याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि मी मात्र मेनूतले निम्मे पर्याय न वाचता तयार कॅमेरा मिरवतो, याची थोडी लाज वाटते. बुक्क्याचा कोणत्याही खांबाशी जो व्यवहार असतो तो इथे होऊ नये म्हणून त्याला मी पलीकडच्या बाजूने नेतो.

संध्याकाळी कधीतरी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो, जिथे समोरच म्हैस पिळून ग्लासात दूध देतात. काळ्या म्हशी, काळा कुत्रा आणि ग्लासातला पांढराशुभ्र फेस, म्हणजे मीटरची पुरती परीक्षा. फेसाप्रमाणे प्रकाश ठरवला की बुक्का आणि म्हैस एकच गडद डाग होतात, बुक्क्याप्रमाणे ठरवला की फेसाचा चुना होतो. परवा गवळीमामांनी बोटावरचा फेस त्याच्यापुढे धरला. त्याने एकदा म्हशीच्या पायांकडे पाहिले, माझ्या मागे लपला, आणि तिथूनच मान लांब करून बोट चाटले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण एका हातात दुधाचा भरलेला ग्लास आणि दुसऱ्या हातात दोरी.