पॅलाटाइनपासून रॅव्हेनापर्यंत: रोम काळाच्या क्रमाने कसं पाहावं

रोमला उतरलेले बहुतेक पर्यटक पहिल्याच दिवशी कोलोसियम गाठतात. मग फोरम, पॅन्थिऑन, व्हॅटिकन. दोन दिवसांनी कुठला खांब कुठल्या शतकातला, काही आठवत नाही. मी आणि आई मात्र ठरवून काळाच्या क्रमाने फिरलो: आधी दंतकथेतलं रोम, मग चढतं रोम, मग पडतं. शेवट रोममध्ये न करता रॅव्हेनाला केला, कारण पश्चिमेकडचं साम्राज्य संपलं ते तिथे. हाच क्रम तुम्हीही धरावा असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तिकिटाचं बघा. कोलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मुख्य सार्वजनिक चौक) आणि पॅलाटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्रच मिळतं, आम्ही गेलो तेव्हा १८ युरो होतं. ते २४ तास चालतं, पण कोलोसियमची वेळ ठरलेली असते. अधिकृत संकेतस्थळावर साधारण महिनाभर आधी तिकिटं खुली होतात आणि पटापट संपतात. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. कोलोसियमची वेळ दुपारी उशिराची घ्या आणि सकाळी दार उघडताच पॅलाटाइनवर जा, तेही व्हिया दी सान ग्रेगोरिओच्या दाराने. तिथे रांग कमी असते. फोरम-पॅलाटाइनमधून एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत, त्यामुळे खाणं आणि पाण्याची बाटली बरोबर हवी. पाणी विकत घेऊ नका. शहरभर नाझोनी नावाचे रस्त्यावरचे लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि पिण्याजोगं.

पॅलाटाइनच्या नैऋत्य कोपऱ्यात कातळात खणलेली भोकं दिसतात. १९४८ च्या उत्खननात ती सापडली. लाकडी मेढी रोवून बांधलेल्या झोपड्यांची ही जागा इ.स.पू. आठव्या शतकातली, म्हणजे परंपरेने रोमची स्थापना जेव्हा सांगितली जाते (२१ एप्रिल, इ.स.पू. ७५३) त्याच काळातली. दंतकथा अशी: आल्बा लाँगाचं राज्य अम्युलियसने भावाकडून, न्युमिटरकडून, बळकावलं. न्युमिटरच्या मुलीला, रिया सिल्व्हियाला, संतती होऊ नये म्हणून त्याने तिला व्रतस्थ पुजारीण केलं. तरी तिला युद्धदेव मार्सपासून जुळे झाले. अम्युलियसने ते टोपलीत घालून टायबर नदीत सोडायला लावले, टोपली पॅलाटाइनच्या पायथ्याशी अडकली, लांडगिणीने पाजलं, फाउस्टुलस नावाच्या गुराख्याने वाढवलं. आईला लगेच कर्ण आठवला.

पुढची गोष्ट मात्र कर्णासारखी नाही. शहर कुठे वसवायचं यावरून रोम्युलस आणि रीमस भांडले. तुम्ही त्या कोपऱ्यात उभे राहिलात की खाली सर्कस मॅक्सिमसचं, म्हणजे रथशर्यतींचं, मैदान आणि पलीकडे अ‍ॅव्हेन्टाइन टेकडी दिसते. ती रीमसची. त्याला तिथून सहा गिधाडं दिसली, रोम्युलसला इथून बारा. वाद मिटला नाही, रीमसने थट्टेने नव्या भिंतीवरून उडी मारली आणि भावाच्या हातून मेला. आपल्या शहराची सुरुवात भावाच्या खुनाने झाली, हे रोमन लोकांनी शतकानुशतकं लपवलं नाही. रोम्युलसची म्हणून एक गवताची झोपडीही ते याच टेकडीवर पुन्हा पुन्हा दुरुस्त करून जपत राहिले, आणि ऑगस्टसने आपलं घर तिच्याजवळ घेतलं. सम्राट होताना त्याला हा शेजार महत्त्वाचा वाटला, यातच सगळं आलं.

दंतकथेचा दुसरा तुकडा पाहायला कॅपिटोलाइन टेकडीवर जा. मायकेलअँजेलोने आखलेला तिथला चौक दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे. रोम्युलसने नव्या गावात माणसं यावीत म्हणून पळून आलेल्या गुलामांना, परागंदा झालेल्यांना, कर्जबुडव्यांना आसरा देण्याची जागा केली, ती परंपरेनुसार हीच. पोस्टकार्डं विकणारे इथे बरेच, पण ही गोष्ट सांगणारा एकही फलक आम्हाला दिसला नाही. माझ्या मते रोमच्या उत्कर्षाचं कारण शोधायचं तर या चौकात थोडा वेळ उभं राहावं. ग्रीक नगरं नागरिकत्व मुठीत धरून बसली. रोम हरवलेल्यांनाही हळूहळू आपलं नागरिक करत गेलं. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४८ मध्ये गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) सरदारांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं, तेव्हा दाखला रोम्युलसचाच दिला. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व मुक्त माणसांना नागरिक केलं.

चौकाच्या बाजूलाच कॅपिटोलाइन संग्रहालय. प्रसिद्ध कांस्य लांडगीण इथे आहे. पूर्वी ती इ.स.पू. पाचव्या शतकातली मानत. अलीकडच्या चाचण्यांवरून ती मध्ययुगातली असावी असा कौल आहे, आणि खालची जुळी मुलं तर पंधराव्या शतकात बसवलेली. तरी पाहाच. संग्रहालयातून टाबुलारियमच्या, म्हणजे जुन्या दप्तरखान्याच्या, कमानींत जाता येतं. फोरम एका नजरेत दिसतो तो तिथून. फोरममध्ये उतरण्याआधी हे दृश्य डोळ्यांत घेतलं तर खाली वाट चुकत नाही.

फोरममध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीसमोर काढला. इ.स. २०३ ची ही कमान, पूर्वेकडच्या पार्थियन लोकांवरच्या विजयाची. वर लेख कोरलेला आहे, पण चौथ्या ओळीकडे नीट बघा. तिथला दगड बाकीच्यापेक्षा खोल गेलेला दिसतो, आणि आत्ताच्या अक्षरांशी न जुळणारी बारीक भोकं आहेत. छोटी दुर्बीण बरोबर ठेवा, फार उपयोग होतो. आईने पाहून विचारलं, "इथलं काही खरवडून काढलंय का रे?" खरंच काढलंय. सेव्हेरसच्या दोन मुलांपैकी धाकटा गेटा. बाप २११ मध्ये वारला आणि त्याच वर्षअखेर थोरल्या काराकाल्लाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं. मग साम्राज्यभर गेटाचं नाव पुसायचा हुकूम निघाला. भोकं आहेत ती जुन्या कांस्य अक्षरांच्या खिळ्यांची.

याचा जोडीदार फोरमच्या बाहेर, फुकट पाहायला मिळतो. सान जोर्जो इन व्हेलाब्रो या चर्चला चिकटून सराफांची छोटी कमान आहे, इ.स. २०४ ची. आतल्या बाजूला सेव्हेरस आणि राणी जुलिया डोमना पूजा करताना कोरलेत आणि त्यांच्या शेजारी माणसाएवढी सपाट, कोरी जागा. तिथे गेटा होता. जुळ्यांची टोपली जिथे अडकली असं सांगतात तो व्हेलाब्रो हाच परिसर. भावाने भावाला मारलेल्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, मध्ये जवळजवळ हजार वर्षं. आणि हाच काराकाल्ला वर्षभरातच सर्वांना नागरिकत्व देतो! एका हाताने खोडणं, दुसऱ्याने सामावून घेणं: हे दोन्ही धागे मनात ठेवून फिरलात तर रोम वेगळं दिसतं.

कोलोसियमबद्दल मी थोडकंच लिहितो. इ.स. ८० मध्ये टायटसने उद्घाटन केलं, आकार थक्क करतो, गर्दी दमवते. बाहेरची कॉन्स्टंटाइनची कमान मात्र सोडू नका. इ.स. ३१५ च्या या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या जुन्या स्मारकांतली शिल्पं काढून लावली आहेत. वरची गोल शिल्पं आणि त्यांखालची लांबट पट्टी, कॉन्स्टंटाइनच्या काळातली, शेजारी ठेवून बघा. पट्टीतली माणसं बुटकी, मोठ्या डोक्यांची, एका ओळीत उभी. कला बदलत होती, काळही.

पडतं रोम पाहायला शहराच्या कडेला जावं लागतं. सम्राट ऑरेलियनने २७१ मध्ये सुमारे १९ किलोमीटरची तटबंदी सुरू केली. त्याआधी कित्येक शतकं राजधानीला नव्या तटाची गरजच वाटली नव्हती. पोर्ता सान सेबास्तियानो या वेशीत तटबंदीचं छोटं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. तटावरून थोडं चालताही येतं. इतका तट असून ४१० मध्ये अलारिक राजाचे गॉथ, म्हणजे जर्मानिक टोळीवाले, आत शिरले. पण त्याची सुरुवात ३७६ ची. हूणांपासून पळालेले गॉथ डॅन्यूबकाठी आसरा मागत आले, त्यांना आत घेतलं, आणि मग रोमन अधिकाऱ्यांनी धान्यात लुबाडलं, भुकेल्या माणसांना कुत्र्याच्या मांसाच्या बदल्यात मुलं विकायला लावली. बंड झालं, ३७८ मध्ये अ‍ॅड्रियानोपलला सम्राट व्हेलेन्स मारला गेला. कारणं इतरही आहेत, यादवी, रिकामी तिजोरी, आफ्रिकेचा गेलेला महसूल. पण आसऱ्याच्या चौकातून निघालेलं राज्य आसरा मागणाऱ्यांशी असं वागलं, हे मला त्या तटावर फार लागलं.

मेट्रोच्या ए मार्गावर जुलिओ आग्रिकोला स्टेशनला उतरून जलवाहिन्यांच्या बागेत जा. क्लॉडियसने ५२ मध्ये पूर्ण केलेल्या जलवाहिनीच्या कमानी गवतात उभ्या आहेत. ५३७ मध्ये गॉथांनी वेढा घालताना शहराचं पाणी तोडलं. एकेकाळच्या लाखोंच्या शहरात पुढे थोडेच लोक उरले. तिकीट नाही, स्थानिक लोक सकाळी धावायला येतात. ज्येष्ठांसाठी ही सगळ्यात सोपी जागा, सपाट आणि सावलीची. याउलट पॅलाटाइन आणि फोरममधले दगड उंचसखल आहेत, चप्पल नको, पकड असलेले बूटच हवेत.

एक जादा दिवस असेल तर वेगवान गाडीने सव्वा तासात नेपल्स. पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईत १९३८ ला सापडलेली भारतीय हस्तिदंती बाहुली आहे. तिच्यासारख्याच मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक खलाशी लिहितात ते तगर. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडनचा कांस्य पुतळा टाऊन हॉल संग्रहालयात पाहिलेल्यांना या व्यापाराची दुसरी बाजू इथे भेटेल. संग्रहालय मंगळवारी बंद, आणि मूर्ती त्या दिवशी मांडलेली आहे का ते आधी विचारा.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. पिझ्झा मारिनारावर चीज नसतं, मासेही नसतात. कार्चोफी म्हणजे हातीचोक (आर्टिचोक) ही भाजी, ती मिळते. पण पेकोरिनो चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायला घालतात ते) असतं, आणि पास्त्यात ग्वान्चाले म्हणजे डुकराचं मांस आहे का ते विचारूनच घ्या.

रॅव्हेनाला जाताना बोलोन्याला गाडी बदला. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात ठोकून घ्या, नाहीतर दंड होतो. ४०२ पासून पश्चिमेची राजधानी दलदलीच्या आडोशाला असलेली ही रॅव्हेना. ४७६ मध्ये ओडोआकरने इथे पोरगेल्या रोम्युलस ऑगस्टुलसला पदच्युत केलं, मारलं नाही, वार्षिक नेमणूक देऊन कॅम्पानियाला पाठवलं. पाच जागांचं एकत्र तिकीट निघतं. रोमन राजकन्या गाल्ला प्लाचिडियाच्या समाधीची वेळ आधी ठरवावी लागते आणि आत मोजकीच मिनिटं मिळतात, म्हणून शिरताच मान वर करा: निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत.

पण जास्त वेळ ठेवा सांत'अपोल्लिनारे नुओव्होसाठी. ओडोआकरला मारून गादीवर आलेल्या गॉथ राजा थिओडोरिकचं हे राजवाड्यातलं चर्च. दाराजवळच्या मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) त्याचा राजवाडा आहे, कमानींत पांढरे पडदे. पडद्यांच्या जागी पूर्वी दरबारी होते. ५४० मध्ये पूर्वेच्या रोमन सैन्याने शहर घेतल्यावर ते काढून पडदे जोडले. खांबांवर नीट बघा: कुणाचा तरी हात, मनगटापर्यंत, खांबावर तसाच राहिलाय. आईने दुर्बीण माझ्या हातातून घेतली आणि एकेक खांब तपासत बसली.

थिओडोरिकची समाधी स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. तिचं तिकीट वेगळं, छत एकाच दगडाचं. परतीचं विमान रोमहून घेऊ नका. बोलोन्याहून किंवा व्हेनिसहून घेतलं तर उलटा प्रवास वाचतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यात रोमला उतरणं व दुसऱ्या शहरातून निघणं असं दाखवलं तर काही अडत नाही.