आधी डोंगर, मग आकाश: ट्रॉम्सोच्या रात्री

नॉर्दर्न लाइट्सचे, म्हणजे ऑरोराचे, फोटो बघून आता कंटाळा येतो असं मी म्हटलं की घरचे माझ्याकडे बघतच राहतात. पण खरं सांगा, गेल्या काही हिवाळ्यांत तुमच्याही फेसबुकवर असे किती हिरवे फोटो येऊन गेले? सूर्यावरची खळबळ साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढते-ओसरते, आणि ती वाढली की ऑरोराही जास्त दिसते. त्यातलं पंचविसावं चक्र २०२४ मध्ये ऐन भरात आलं. त्याच वर्षी मे महिन्यातल्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशातली लाल छटासुद्धा कॅमेऱ्यांनी टिपली. तेव्हापासून आमच्या दादर-पार्ल्यातून उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जाणाऱ्यांची रीघ लागली आहे. आणि फोटो? काळ्यावर हिरवा फराटा. नॉर्वे आहे, आइसलँड आहे की कुणाच्या गच्चीवरून काढलाय, कळायला मार्ग नाही.

म्हणून मावसभावाने, म्हणजे दादाने, ‘या वर्षी आपण जाऊच’ असा धोशा लावला तेव्हा माझी एकच अट होती: मार्च. डिसेंबरात तिकडे ध्रुवीय रात्र असते. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी तासन्तास निळसर संधिप्रकाश तेवढा. ऑरोरा बघायला ते ठीक. मला मात्र दिवसाउजेडी जागा हिंडून बघायच्या होत्या. मार्चमध्ये दिवस आणि रात्र जवळपास सारखी, बर्फ अजून जमिनीवर, आणि विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हालचालही जास्त. वहिनीला शाळेतून रजा मिळायला त्रास झाला, पण मिळाली.

तयारी मुंबईतच सुरू केली. इथे ऑरोरा नाही आणि तारेही बोटांवर मोजण्याइतके. पण रात्रीच्या फोटोतलं अर्ध काम आकाशाचं नसतंच. वरळी कोळीवाड्यातून किल्ल्याकडे जायचं, समोर सी लिंक, अलीकडे ओढून ठेवलेल्या होड्या. हातमोजे घालून, दिवा न लावता, बोटांनी चाचपत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) आणि शटरची वेळ बदलायचा सराव तिथेच झाला. वरळीच्या उकाड्यात लोकरीचे हातमोजे घातलेली बाई बघून एका पोराने विचारलंच, “ताई, शूटिंग हाय काय?”

त्या होड्यांनी एक गोष्ट नीट शिकवली. होडीची डोलकाठी मागच्या पुलाच्या मनोऱ्यात मिसळून जात होती. अंधारात दोन्ही काळे, त्यामुळे फोटोत नुसता एक गोळा दिसायचा. दोन पावलं डावीकडे सरकले, डोलकाठी सुटी झाली आणि होडी होडीसारखी दिसायला लागली. रात्री आकारांमध्ये फट राहिली तरच ते वेगळे कळतात. दिवसा रंग सांभाळून घेतात, रात्री कुणी सांभाळून घेत नाही.

आणि विसर्जनाचे फोटो काढणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लालबागला श्रॉफ बिल्डिंगसमोरची पुष्पवृष्टी टिपायची तर माणूस दुपारीच जागा धरतो. कुठली गॅलरी, कुठला खांब आड येतो, उजेड कुठून पडेल, सगळं आधी ठरलेलं. राजा यायचा तेव्हा येतो. ऑरोराचं तंतोतंत तसंच आहे. ती आपल्या मर्जीने येणार, जागा आपण आधी धरायची.

ट्रॉम्सोहून गाडीने अर्ध्या तासावर, क्वालोया बेटावर, एर्सफ्योर्डबोट्न नावाचं छोटं गाव आहे. समुद्राची चिंचोळी जीभ आत शिरलेली आणि दोन्ही बाजूंना पाण्यातून थेट वर गेलेले डोंगर. टूरवाल्यांच्या बसही इथे येतात, पण अंधार पडल्यावर. आम्ही दुपारी गेलो.

इथे थोडं भूगोलाचं, कारण रचनेचा सगळा खेळ त्यावर आहे. ट्रॉम्सो साधारण ६९.६ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवाभोवती ऑरोराचं जे कडं असतं, त्याच्या जवळजवळ खालीच. आपण समजतो की ऑरोरा उत्तरेला दिसणार. इथे ती बऱ्याचदा डोक्यावर असते, कधी चक्क दक्षिणेला. मग काय होतं, लोक कॅमेरा सरळ वर करतात आणि जमीन हातची जाते. उपाय असा की ऑरोराची कमान साधारण पूर्व-पश्चिम पसरते, तेव्हा तिच्या पोटाकडे न बघता टोकांकडे बघायचं. टोकाशी ती क्षितिजाकडे उतरते. त्या प्रकाशाच्या पडद्याची खालची किनार जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंच असते, त्यामुळे क्षितिजाला टेकलेला भाग प्रत्यक्षात कित्येकशे किलोमीटर दूर असतो, पण फोटोत तो डोंगरावर येऊन बसतो. आणि एर्सफ्योर्ड उघडतो पश्चिमेला! खाली पाण्याची पट्टी आत जाते, वर कमान त्याच दिशेने. फोनवरचं होकायंत्र धरून मी हे वहिनीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तुझा फोटो दुपारी अडीचलाच झाला की!” जवळजवळ.

उरलेला वेळ बारीकसारीक गोष्टींत गेला. किनाऱ्यालगत होड्या ठेवायचं एक लाल लाकडी शेड होतं आणि त्याच्यामागे एका घराचा पिवळा दिवा. दहा सेकंदांच्या फोटोत तो दिवा सगळा कोपरा जाळून टाकणार. मी ट्रायपॉड अशा ठिकाणी उभा केला की शेडच्या भिंतीआड दिवा लपेल आणि त्याचा उजेड फक्त बर्फाच्या कडेवर पडेल. भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवली होती. ओहोटीला ओल्या वाळूत पाणी साचून राहतं, वारा नसेल तर त्यात आकाश उतरतं. आणि पावलं! समोरचा बर्फ कोरा हवा असेल तर त्यावरून चालायचं नाही, मागून वळसा घालून यायचं. दादा सरळ निघालाच होता.

“दादा, थांब! तिकडून नको, कुंपणाच्या बाजूने ये.”

“अगं, बर्फच आहे ना?”

“रात्री तुझ्या बुटांचे ठसे काढायचेत का मला?”

तो गुरगुरत वळसा घालून आला.

रात्री साडेनऊच्या सुमारास पश्चिमेला फिकट राखाडी पट्टा दिसला. डोळ्यांना ढगच वाटला, कॅमेऱ्याने हिरवा दाखवला. २० मिमीची लेन्स, तिचं तोंड एफ २.८ एवढं मोठं उघडलेलं, आयएसओ ३२००. फोकस आधीच एका ठळक ताऱ्यावर, स्क्रीनवर मोठा करून, हाताने लावलेला. कमान शांत होती तोवर आठ-दहा सेकंद चालले. नंतर ती हलायला लागली, पडद्याच्या चुण्या पडल्या, तसं मी दोन सेकंदांवर आले. जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की चुण्या एकमेकींत मिसळून सपाट हिरवा रंग उरतो. आयएसओ वाढवल्याने फोटोत दाणे आले तर येऊ द्यावेत, चुण्या जाऊ देऊ नयेत, असं माझं मत.

क्षितिज मी फ्रेमच्या खालच्या पाव भागात ठेवलं होतं. फ्रेमचे तीन भाग करून क्षितिज एक-तृतीयांशावर ठेवायचा नियम पुस्तकात ठीक आहे. इथे आकाशच इतकं बोलत होतं की जमिनीला कमी जागा पुरली. पण ती हवीच. नाहीतर डोंगर केवढे, पडदा केवढा, काही अंदाज येत नाही. माप म्हणून दादाला किनाऱ्यावर उभं केलं. तो डोंगराच्या काळ्या सावलीसमोर उभा राहिला आणि डोक्यासकट नाहीसा झाला. मग त्याला चार पावलं खाली, चमकणाऱ्या पाण्यासमोर आणलं, हात अंगापासून थोडे दूर धरायला सांगितले, पायांत अंतर. आता माणूस दिसायला लागला. “हलू नकोस” म्हटल्यावर त्याला हमखास शिंक येते. सुदैवाने शटर दोनच सेकंदांचं.

मग एकदम डोक्यावर सगळं उसळलं. चहूबाजूंनी किरण एका बिंदूकडे धावतात, त्याला कोरोना म्हणतात. खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी किनार आली आणि काही क्षणांत गेली. तेव्हा मात्र मी रचना-बिचना सोडली, कॅमेरा उभा करून वर वळवला आणि शेडच्या छताचा एक कोपरा तेवढा खाली पकडला. वहिनी मोबाइल खिशात घालून नुसती बघत होती. तिचं बरोबर होतं.

नुसतं आकाश हवं होतं ते कार्ल स्टर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञाला. ऑरोराचा पहिला फोटो १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेलने उत्तर नॉर्वेतच काढला. त्यानंतर १९१० च्या सुमारास स्टर्मरने दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घ्यायची पद्धत बसवली, फोनवरून एकमेकांना इशारा देऊन. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत ऑरोरा किती सरकली यावरून त्याने तिची उंची काढली. त्याला मोजमापासाठी तारे लागत होते, डोंगर नाही. आपल्याला उंची काढायची नसेल तर डोंगर घ्यायला काय हरकत आहे?

शहरातूनही थोडे काढले. पलीकडच्या काठावरचं १९६५ सालचं इशावस्कथेद्राल, ते पांढरं त्रिकोणी चर्च, पुलासकट छान दिसतं. पण त्याच्यावरचे दिवे इतके प्रखर की ऑरोरासाठी एक्स्पोजर द्यावं तर चर्च पांढरंफटक. ते फ्रेममध्ये लहान ठेवलं तरच जमतं. एका संध्याकाळपुरतं ठीक.

परत आल्यावर एडिटिंगला बसले. चुण्यांचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, रंगाला हात लावला नाही. जोरदार ऑरोराखाली बर्फावर खरंच हिरवी झाक येते, ती तेवढीच ठेवली. दादाने त्याच फाइलची आपली आवृत्ती केली: बर्फ पोपटी, पाणी पोपटी, तो स्वतःही पोपटी. घरच्या ग्रुपवर त्याच्या फोटोला माझ्या दुप्पट अंगठे आले. मावशीने तर तो प्रिंट करून दिवाणखान्यात लावलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगते, ‘फोटो हिने काढलाय.’