वाघबिळाच्या चढाला तापलेली गाडी

रविवारी पन्हाळ्याला निघालो होतो. वाघबिळाच्या चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापतं, झाकण फिरवलं की थेट तोंडावर उसळतं.

टोचन लावून गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणली. गॅरेजवाल्या मामांनी रेडिएटरचा गार पाइप दाबून, वाकवून बघितला. थेंब नाही! मग हातपंपानं रेडिएटरमध्ये दाब भरला, आणि वरच्या पाइपाच्या क्लिपलगत, केसाएवढ्या चिरेतून हिरवा थेंब फुगत आला. "बघा की, गार असताना मिटतंय, दाब आला की तोंड उघडतंय." तिथलं रबर बोटाला मऊ, फुगीर लागत होतं. वरून इंजिन ऑइल झिरपून ते कुजलं होतं. म्हणजे नुसता पाइप बदलून भागलं नसतं.

जिथून ऑइल झिरपत होतं त्या इंजिनाच्या झाकणाचं गॅस्केट, पाइप, क्लिप तिन्ही नवं घातलं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. मग हीटर चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. पंखा दोनदा लागून बंद झाला, काटा मधोमध राहिला, तेव्हा कुठं मामांनी हात पुसले.