वूलिचला बाबांनी खिसे चाचपले

लंडनला लेकीकडे महिनाभर मुक्काम होता. राजवाडा, घड्याळाचा मनोरा, म्युझियम वगैरे पहिल्या आठवड्यातच उरकलं आणि बाबा कंटाळले. उभा जन्म खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत काढलेल्या माणसाला राजवाड्याचं कौतुक ते किती असणार! "आजोबा, तुम्हाला तुमच्यासारखी फॅक्टरीच दाखवते," लेक म्हणाली, आणि एका ढगाळ शनिवारी आम्ही तिघं एलिझाबेथ लाइनने वूलिचला उतरलो. स्पेलिंगमध्ये अधेमधे एक डब्ल्यू आहे, तो गिळायचा. मी दोन दिवस 'वूलविच' म्हणत फिरले, कुणी हटकलं नाही.

थेम्सच्या दक्षिण काठावरचं हे गाव. २०२२ साली सुरू झालेलं स्टेशन रॉयल आर्सेनल या तोफा-दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या आवारातच आहे, म्हणजे वर आलो की कारखान्यातच. पण बाबांना ते पटेना. "गेटातून जायचं असतं," म्हणाले. मग रस्ता ओलांडून बाजाराच्या चौकात गेलो. १८२८ सालचं बेरेसफर्ड गेट तिथे एकटंच उभं आहे. गेट एका बाजूला, कारखाना दुसऱ्या बाजूला आणि मधून धडाधड बस धावतात. गेटासमोर फळांचे आणि भाज्यांचे ठेले. बाबा कमानीपाशी थांबले आणि दोन्ही हातांनी कोटाचे, मग पँटचे खिसे चाचपायला लागले. मला वाटलं पाकीट हरवलं.

"काही नाही गं. काडेपेटी राहिली नाही ना, ते बघितलं."

बाबा डीबीडब्ल्यू होते. डेंजर बिल्डिंग वर्कर. गेटवर झडती, मग आत पुन्हा झडती. विडी-काडी नाही, खिळे मारलेली चप्पल नाही. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, फॅक्टरीच्या भोंग्यावर आईचा कुकर चढायचा, पण १८६९ पासून चालू असलेल्या त्या कारखान्याच्या भिंतीपलीकडे काय आहे ते मी आजतागायत पाहिलेलं नाही. बाबाही कधी बोलले नाहीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा दारूगोळ्याच्या कारखान्यात शिरले ती इथे, हातात कॉफीचा कप घेऊन.

आवार देखणं आहे, हे कबूल. १७१६ साली लंडनमध्ये मूरफील्ड्सच्या ओतशाळेत स्फोट झाला, म्हणून तोफा ओतायचं काम वस्तीपासून लांब इथे आणलं. १७१७ ची ती रॉयल ब्रास फाउंड्री विटांच्या भक्कम अंगाने अजून उभी आहे. दारूकामाची रॉयल लॅबोरेटरी त्याच्याही आधीची, १६९६ ची. तिच्या समोरासमोरच्या दोन बैठ्या इमारती पडायला आल्या होत्या, त्या दुरुस्त करून आता तिथे घरं केलीत. डायल स्क्वेअरमधल्या कामगारांनी १८८६ मध्ये फुटबॉलचा संघ काढला, तोच पुढे आर्सेनल झाला. १९१३ मध्ये संघ उत्तर लंडनला निघून गेला, तोफेचं चिन्ह तेवढं सोबत नेलं. डायल स्क्वेअरच्या कमानीत आता पब आहे. फायरवर्क्स फॅक्टरीत नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. हे ऐकून बाबांना हसू आवरेना. "तिथे मोठ्याने खोकायचीसुद्धा चोरी असेल रे बाबा!"

पहिल्या महायुद्धात इथे ८० हजारांच्या आसपास माणसं राबत होती, त्यांत हजारो बायका. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना त्या पिवळ्या पक्ष्यावरून 'कॅनरी' म्हणायचे. लेक हे फोनवरून वाचून दाखवत होती. बाबा ऐकता ऐकता एकदम म्हणाले, "सीईचं काम असलं की आमचंही व्हायचं." सीई म्हणजे टेट्रिल, तेही एक स्फोटकच.

मला त्यांचे हळद लावल्यासारखे तळवे आठवले. आईने त्यांचा टॉवेल वेगळा ठेवलेला असायचा, आणि आम्हाला वाटायचं बाबांना टापटिपीची आवड आहे म्हणून. हे मी त्यांना सांगितलं नाही. नदीकाठी धक्क्याजवळ ओतीव लोखंडाची पोकळ माणसं घोळका करून उभी केली आहेत, तिथे आम्ही बराच वेळ बसलो.

कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, १९९४ मध्ये संरक्षण खात्याने उरलंसुरलं आवरलं, आणि मग टॉवर उठले. जुन्या इमारती जपल्या त्याबद्दल तक्रार नाही. पण तोफखान्याचं म्युझियम २००१ मध्ये इथे आलं आणि २०१६ मध्ये बंदही पडलं. संग्रह विल्टशायरला गेला. आता कारखान्याची गोष्ट भिंतीवरच्या पाट्यांतून आणि फ्लॅटच्या जाहिरातींतून वाचायची. जाहिरातींत तोफा येतात, पिवळे हात येत नाहीत.

बाबांना वेगळीच शंका होती. "इमारती फार चिकटून आहेत. दारू भरायचं काम इथे नसणार. मातीचे बांध कुठायत?"

त्यांचा अंदाज बरोबर निघाला. धोक्याचं काम पूर्वेला, प्लमस्टेडच्या दलदलीत चालायचं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच दलदलीवर थेम्समीड नावाचं काँक्रीटचं उपनगर वसवलं. बस पकडून तिकडे गेलो. तिथे 'टंप ५३' म्हणून एक जागा आहे: जुनं दारूचं कोठार, भोवती खंदक. आता तिथे छोटं निसर्ग उद्यान केलंय. फाटकाला कुलूप होतं, म्हणून कुंपणातूनच पाहिलं. गच्च माजलेलं गवत, बोरू, काळपट पाण्यात दोन बदकं. बाबांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला.

"चारी बाजूंनी पाणी. हां! असं पाहिजे. एक उडालं तरी दुसरं उडायला नको."

मग ते वळले आणि काठी टेकत समोरच्या घरांच्या दिशेने पावलं मोजत निघाले. लेक मागून "आजोबा, सावकाश" करत राहिली. पहिल्या घराच्या बागेच्या कुंपणाला हात लावून ते थांबले, मागे वळून अंतर पाहिलं आणि मान हलवली.

"फार जवळ बांधलंय."